सशाची हक्काची जागा

दोन पाळीव सशांना किती जागा लागते, याचं ब्रिटनमधल्या ‘रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड’ या संस्थेचं उत्तर अगदी नेमकं आहे. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, एक मीटर उंच, आणि तीही चोवीस तास मोकळी. आपल्या भाषेत सांगायचं तर सुमारे ६५ चौरस फूट कार्पेट. आता मुंबईचा हिशेब मांडा. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एका कुटुंबाला मिळणारं घर ३०० चौरस फुटांचं. त्याआधी ते २६९ होतं आणि त्याच्याही आधी २२५. म्हणजे घाटकोपर किंवा मुलुंडच्या एखाद्या पुनर्वसन इमारतीत सशांच्या जोडीला ब्रिटिश मापानं जागा द्यायची ठरवली, तर घराचा पाचवा हिस्सा तिच्या नावावर करावा लागेल. उरलेल्या चार हिश्शांत आईवडील, मुलं, आजी, कपाट, फ्रिज आणि देवघर.

इतकी जागा जवळपास कुणाकडेच नसल्यानं उपनगरांत दोन वाटा पडल्या आहेत. एक वाट जुनी. क्रॉफर्ड मार्केटमधून ससा घ्यायचा, त्याच्यासोबत तारेचा पिंजरा घ्यायचा आणि तो गॅलरीत नाहीतर खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये ठेवून द्यायचा. दुसरी वाट अलीकडची. ससा घरभर मोकळा. तो सोफ्याखाली झोपतो, विळीचा आवाज ऐकून ओट्यापाशी येतो, कोथिंबिरीच्या काडीसाठी मागच्या पायांवर उभा राहतो. या घरांतली माणसं अभिमानानं सांगतात, ‘आमच्याकडे पिंजराच नाही.’ ऐकणाऱ्यालाही ते पटतं. पण सशांच्या डॉक्टरांत, त्यांच्यावर संशोधन करणाऱ्यांत आणि बरीच वर्षं ससे पाळलेल्यांत वाद आहे तो नेमका इथे. जो ससा दिवसरात्र घरभर हिंडतो, त्यालाही स्वतःचं वेगळं, बंद करता येईल असं ठिकाण लागतं का?

आधी शब्द नीट करू

मराठीत दोन वेगळ्या प्राण्यांना आपण एकाच नावानं हाक मारतो आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, गवताळ कडेला, संध्याकाळी क्वचित दिसतो तो रानससा. मानेवर काळा पट्टा असलेला, लांब पायांचा. तो बीळ खणत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून बसतो, आणि त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवूनच जन्मतात. वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो संरक्षित आहे. घरात आणणं हा गुन्हा आहे.

आपण पाळतो तो पांढरा, करडा किंवा लोंबत्या कानांचा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. त्याचे पूर्वज जमिनीखाली बिळांचं जाळं खणून कळपानं राहतात. पिल्लं उघडी, आंधळी, बिळाच्या तळाशी, आईनं स्वतःच्या पोटाचे केस उपटून केलेल्या गादीवर जन्मतात. त्यामुळे ‘रानातल्या सशाला कुठे घर असतं?’ हा प्रश्न रानसशाबद्दल विचारला तर ठीक. घरातल्या सशाबद्दल विचारला तर त्याचं उत्तर उलट आहे. त्याच्या कुळात घर असतंच, आणि ते चांगलं खोल असतं.

दुसरा गोंधळ ‘ठिकाण’ या शब्दाचा. वाद घालणारे तिघे तीन वेगळ्या गोष्टी मनात धरून बोलत असतात. पिंजरा म्हणजे चारी बाजूंनी आणि वरूनही बंद, बहुधा तारेच्या तळाची पेटी. कुंपण म्हणजे मेंढपाळाच्या वाडग्यासारखं, जाळीचे पॅनल जोडून केलेलं, वरून उघडं आवार. आणि बीळ म्हणजे आत शिरून दडता येईल अशी अंधारी, आच्छादलेली जागा, मग ते पुठ्ठ्याचं खोकं का असेना. पिंजऱ्यावर टीका करणारा बहुधा बिळावर टीका करत नसतो. बिळाची बाजू घेणाऱ्यालाही पिंजरा अभिप्रेत नसतो. हे तीन शब्द वेगळे ठेवले की अर्धा वाद तिथल्या तिथे मिटतो. खरा उरतो तो दुसरा अर्धा.

पिंजरा आला कुठून

सशाला बंदिस्त ठेवण्याची पद्धत फार जुनी आहे. रोमन लोक भिंती घातलेल्या आवारांत ससे ठेवत. पुढे युरोपात जमीनदारांची राखीव बिळांची रानं आली. या सगळ्याचं कारण एकच, मांस आणि कातडं. लाकडी खुराडं हेही त्याच घराण्यातलं. परसदारी चार ससे पोसून कापायचे तर खुराडं पुरेसं होतं, कारण प्राण्याला काही महिनेच जगायचं होतं. आठ-दहा वर्षं जगणाऱ्या सशासाठी ती पेटी कुणी कधी बेतलीच नव्हती. तारेच्या तळाचा पिंजरा तर मांसोत्पादनाच्या शेडांतून आणि प्रयोगशाळांतून आला. लेंड्या आपोआप खाली पडाव्यात आणि माणसाचे श्रम वाचावेत, एवढाच त्यामागचा विचार. सशाच्या पायाचा त्यात विचार नव्हता.

या सवयीला पहिला धक्का बसला तो अमेरिकेत. मॅरिनेल हॅरिमन यांचं घरात ससा पाळण्याविषयीचं हस्तपुस्तक १९८५ साली आलं आणि १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘हाउस रॅबिट सोसायटी’ उभी राहिली. ससा कुत्र्यामांजरासारखा घरात राहू शकतो, ठरल्या जागी मुततो, माणूस ओळखतो, हे या चळवळीनं लोकांना दाखवून दिलं. ब्रिटनमध्ये २००६ पासून ‘खुराडं पुरेसं नाही’ अशा अर्थाची मोहीम सुरू झाली आणि सुरुवातीला दिलेलं ६५ चौरस फुटांचं माप तिच्यातूनच लोकांपर्यंत पोचलं. ध्यानात ठेवायची गोष्ट ही की या दोन्ही चळवळी पिंजऱ्यावर तुटून पडल्या, पण सशाला स्वतःचं ठिकाणच नको असं त्यांनी म्हटलं नाही. मोकळा ससा म्हणजे बेघर ससा, हा अर्थ नंतर लोकांनी काढला.

मोकळं सोडणाऱ्यांची बाजू

पिंजऱ्याविरुद्धचा पुरावा भक्कम आहे. ससा चालत नाही, उड्या मारत जातो. तीन-चार उड्या सलग मारता येतील, मागच्या पायांवर कान ताठ करून उभं राहता येईल आणि कुशीवर पूर्ण ताणून झोपता येईल, एवढी जागा त्याला लागते. बाजारात मिळणाऱ्या दोन फुटी पिंजऱ्यात यातलं एकही नीट होत नाही. लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली वेगवेगळ्या मापांच्या आवारांत ससे ठेवून पाहिले, तेव्हा मोठ्या आवारातले ससे जास्त हिंडले-फिरले आणि भोवतालात जास्त रमले. कायम कोंडलेल्या सशांची हाडं पातळ होतात, कण्याला बाक येतो, वजन वाढतं. आतडं सुस्तावतं, आणि सशाचं आतडं थांबणं म्हणजे जिवाशी गाठ.

पायांचं दुखणं वेगळं. सशाच्या पंजाला कुत्र्यासारखी गादी नसते, फक्त दाट केस असतात. तारेवर किंवा ओल्या तळावर दिवस काढले की टाचेचे केस झडतात, कातडी सोलवटते, जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. पण गुळगुळीत लादी हेही काही उत्तर नाही. नव्या इमारतींतल्या चकचकीत टाइल्सवर सशाचे पाय फाकतात. तो मोकळा असूनही हिंडत नाही, एका कोपऱ्यातल्या पायपुसण्यावर बसून राहतो. अशा घरात मोकळं सोडण्याला फारसा अर्थ उरत नाही. सतरंजी, गोणपाट किंवा जुनी चटई अंथरली की तोच ससा दोन दिवसांत घरभर धावू लागतो.

मुंबईत मात्र पिंजऱ्याविरुद्धचा सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे हवा. सशाला बरं वाटतं ते साधारण १५ ते २१ अंशांत. त्याला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतल्या रक्तवाहिन्यांमधून बाहेर टाकतो. तिशीच्या पुढे पारा गेला की त्याला धाप लागते, आणि आपल्याकडे तर मार्चमध्येच सांताक्रूझच्या वेधशाळेत कधीकधी ३८-३९ अंश नोंदले जातात. वर दमट हवा. ऑक्टोबर हीट वेगळीच. मोकळा ससा अशा वेळी स्वतःची सोय स्वतः करतो. दुपारी तो मोरीच्या उंबऱ्याशी, ओट्याखालच्या कडाप्प्यावर नाहीतर पलंगाखालच्या गार लादीवर पोट टेकून पडतो. घरातली सर्वांत थंड जागा कोणती, हे पाहायचं असेल तर मे महिन्यात ससा कुठे झोपलाय ते बघावं. खिडकीच्या ग्रिलमधल्या पिंजऱ्यात बसलेल्या सशाला ही निवड नसते. सकाळी सावलीत असलेलं ग्रिल दुपारी तव्यासारखं तापतं आणि घरातले तेव्हा लोकलमध्ये किंवा ऑफिसात असतात. पावसाळ्यात त्याच ग्रिलमध्ये सपकारे आत येतात, गवताला बुरशी धरते, मुताचा उग्र वास साचतो आणि भिजलेल्या मळक्या केसांवर माशी बसली तर काही तासांत अळ्या पडायची वेळ येते. ग्रिलमध्ये ससा ठेवू नये, यावर या वादातल्या दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

आणखी एक मुद्दा सोबतीचा. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० साली एका निवारा केंद्रातल्या सशांचा अभ्यास मांडला. त्यात जोडीनं राहणारे ससे थंडीत एकट्यांपेक्षा उबदार आढळले, आणि गज चावत बसण्याची सवय एकट्या सशांतच दिसली. आपल्याकडे बहुतेक घरांत ससा एकटाच असतो. त्याची सोबत म्हणजे आपणच. त्याला पिंजऱ्यात ठेवलं तर ती सोबतही तारेपलीकडची होते.

ठिकाण हवं म्हणणाऱ्यांची बाजू

इतकं सगळं वाचून पिंजरा भंगारवाल्याला द्यावासा वाटला तर नवल नाही. पण दुसऱ्या बाजूचं म्हणणंही तितकंच वजनदार आहे, आणि त्याची सुरुवात सशाच्या काळजापासून होते.

ससा हे भक्ष्य आहे. त्याची डोळ्यांची ठेवण, कानांची हालचाल, दचकून थिजणं, मागच्या पायानं जमिनीवर धाडकन आपटून इतरांना सावध करणं, सगळं पळून जाऊन दडण्यासाठी घडलेलं आहे. एखाद्याला सगळीकडून पळवलं, हाकललं की आपण त्याची ससेहोलपट झाली म्हणतो. या शब्दात सशाचं सारं दुःख आलं आहे. दडायला जागाच नाही, हे ते दुःख. घरात मोकळा असलेला ससा दिसायला सुखी असतो. पण दिवाळीत शेजारच्या मजल्यावर लवंगी माळ सुटते, किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीचा डीजे खिडकीखाली येतो, तेव्हा कुठे जायचं हे त्याला आधीपासून ठाऊक असावं लागतं. नसेल तर तो भिंतीला आपटत धावतो. कपाटामागच्या फटीत अडकतो. घाबरून जोरात लाथ मारताना सशाचा कणा मोडू शकतो, इतकी त्याची हाडं हलकी आणि मागचे पाय ताकदवान असतात. नेहमीचं, त्याच्या स्वतःच्या वासाचं, अंधारं ठिकाण असलं की तो सरळ तिथे जाऊन बसतो.

दुसरं कारण घरातल्या वायरी. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे कुरतडणं ही त्याची गरज आहे. मोबाइलचा चार्जर, वायफायची केबल, फ्रिजमागची वायर त्याला मुळांसारख्या वाटतात. बिळात आडवी येणारी मुळं कापत जाणं हे त्याचं पूर्वापार काम. झुरळांसाठी ओढलेली खडूची रेघ, उंदरांसाठी ठेवलेलं औषध, कुंडीतला मनी प्लांट किंवा कण्हेर हे सगळं त्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं. उपनगरांत तळमजल्यावर घुशी आणि बोके येतात. बोरिवली-मुलुंडला डोंगराच्या कडेच्या सोसायट्यांत माकडं गॅलरीत उतरतात. घरी कुणी नसताना उघड्या गॅलरीत सोडलेला ससा घारीलाही सहज दिसतो. लिव्ह अँड लायसन्सवर अकरा महिन्यांसाठी घेतलेल्या घरात चौकट आणि भिंतीचा कोपरा कुरतडला तर डिपॉझिटमधून पैसे कापले जातात, हे दुःख सशापेक्षा माणसाचं. पण त्याच भांडणापायी ससा घराबाहेर जातो, म्हणून तेही मोजायला हवं.

तिसरं कारण खरं तर पहिल्या क्रमांकावर यायला हवं, आणि ते म्हणजे आजारपण. ससा आपलं दुखणं लपवतो. त्याच्या प्रकृतीचा सर्वांत खरा निरोप लेंड्यांतून येतो. किती आल्या, केवढ्या आल्या, थांबल्या का. तो बारा तास खाल्ल्याशिवाय राहिला तर ती धावपळ करण्याची वेळ असते. घरभर मोकळ्या सशानं सकाळपासून काही खाल्लं की नाही, हे नोकरीवरून रात्री आठला आलेल्या माणसाला कसं कळणार? गवत आणि शौचाचा ट्रे शेजारी शेजारी, एकाच ठरल्या जागी असेल तर एका नजरेत कळतं. सशाला खाता खाताच लेंड्या टाकायची सवय असते, त्यामुळे ही मांडणी त्यालाही आवडते.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवसही असेच. मादीला गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वयाबरोबर खूप वाढतो. नर मुताच्या पिचकाऱ्या मारून हद्द आखतो. जोडी असेल तर तीस-बत्तीस दिवसांत नवं वेत. म्हणून नसबंदी करून घेणं शहाणपणाचं. पण टाक्यांच्या काळात सशानं सोफ्यावर उड्या मारून चालत नाही. ज्याला बंद जागेची कधीच सवय नव्हती, तो नेमक्या त्या आठवड्यात दार ओरबाडतो, जेवण सोडतो. डॉक्टरकडे न्यायचं तरी तेच. परळला १८८६ पासून चालत आलेलं बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. बोरिवली किंवा मुलुंडहून तिथवर जायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये तासाहून जास्त वेळ. तो तास ससा बंद पेटीत काढणार. ती पेटी रोजच्या घरात त्याच्या कोपऱ्यात दार उघडं ठेवून पडलेली असेल, तर ती त्याला ओळखीची वाटते. माळ्यावरून काढलेली धुळकट पेटी तशी वाटत नाही.

आणि २६ जुलै मुंबईत कुणी विसरलेलं नाही. २००५ साली त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तळमजल्यांवर पाणी शिरलं. अशा वेळी जमिनीवरच्या कुलूपबंद पिंजऱ्यातला ससा बुडतो. आणि घरभर मोकळा असलेला, पलंगाखाली खोल जाऊन बसलेला ससा अंधारात हाती लागत नाही. हाक मारल्यावर किंवा गवताचा डबा वाजवल्यावर स्वतःच्या कोपऱ्यात येणारा ससा तेवढा उचलता येतो.

घड्याळ

या वादात जागेबद्दल खूप बोललं जातं, वेळेबद्दल फारच कमी. ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला जागा असतो. भर दुपारी तो झोपतो. मुंबईच्या नोकरदार घराचा दिनक्रम याच्याशी विचित्र तऱ्हेनं जुळतो. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा हा घर रिकामं असण्याचा काळ, आणि त्यातला मोठा भाग सशाच्या विश्रांतीचाही. या वेळात तो आपल्या कुंपणात राहिला, कुंपणात पाणी, गवत, दडायला खोकं आणि गारवा असला, तर त्याचं फार काही बिघडत नाही.

बिघडतं ते उलट केल्यानं. कित्येक घरांत ससा रात्रभर आणि पहाटे पिंजऱ्यात असतो, आणि रविवारी दुपारी मुलांच्या हौसेखातर, पाहुण्यांना दाखवायला, झोपेतून उठवून बाहेर काढला जातो. ज्या तासांना त्याला धावावंसं वाटतं, त्या तासांना तो कोंडलेला. ज्या तासांना झोपावंसं वाटतं, तेव्हा मांडीवर. पहाटे पिंजऱ्याचे गज खडखडतात म्हणून कंटाळलेल्या माणसानं त्याला त्रासदायक म्हणण्याआधी घड्याळ बघावं. ब्रिटिश संस्थेच्या शिफारशीत ‘चोवीस तास’ हे शब्द आहेत ते यासाठीच. दिवसाचे दोन तास बाहेर, ही सवलत सशाच्या घड्याळाला पुरत नाही.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे घरातल्या सशासाठी चौरस फुटांचं माप कायद्यात नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याच्या अकराव्या कलमात एक वाक्य मात्र कामाचं आहे. प्राण्याला हालचालीची वाजवी संधी मिळणार नाही, अशा अपुऱ्या उंचीच्या, लांबीच्या किंवा रुंदीच्या पिंजऱ्यात ठेवणं ही क्रूरता मानली आहे. उपासमार होईल अशा तऱ्हेनं प्राणी सोडून देणंही त्याच कलमात येतं. कंटाळून आरेच्या झाडीत किंवा नॅशनल पार्कच्या कडेला पांढरा ससा ‘निसर्गात सोडणाऱ्यांनी’ हे वाचून ठेवावं. तो त्याचा निसर्ग नव्हे आणि पांढऱ्या रंगात तो एक रात्रही लपत नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आजच्या हिशेबात हा दंड नगण्यच. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ मध्ये वेगळे नियम आले, पण ते दुकानाच्या दारापर्यंत. घराचा उंबरा ओलांडला की सशाचा कायदा म्हणजे घरच्यांचा विवेक.

३०० चौरस फुटांत काय जमेल

आता मूळ हिशेबाकडे. ६५ चौरस फूट वेगळे काढता येत नाहीत, हे उघड आहे. पण ते वेगळे काढायचीही गरज नाही. सशाचं ठिकाण आणि सशाचा वावर या दोन गोष्टी सुट्या केल्या की गणित सुटतं. वावर घरभर असू दे. ठिकाण लहान, पण पक्कं असू दे.

सर्वांत सोपी जागा पलंगाखालची. सहा बाय पाचचा पलंग म्हणजे तीस चौरस फूट, आणि ते सध्या सुटकेसा आणि जुन्या गाद्यांच्या ताब्यात असतात. त्या माळ्यावर गेल्या की सशाला अंधारं, गार, पाठीवर छप्पर असलेलं बीळ मिळतं. तिथे त्याला उभं राहता येत नाही, म्हणून पलंगाच्या एका बाजूला, भिंतीच्या कोपऱ्यात, घडीच्या जाळीच्या पॅनलचं कुंपण जोडायचं. पॅनल अडीच फुटांहून उंच असावेत, नाहीतर धडधाकट ससा पहिल्याच रात्री उडी मारून पलीकडे जातो. आत गवताची टोपली, तिच्याखाली शौचाचा ट्रे, वजनदार वाडग्यात पाणी, दोन बाजूंनी भोकं असलेलं पुठ्ठ्याचं खोकं आणि दार काढून ठेवलेली प्रवासाची पेटी. दोन भोकं यासाठी की आत शिरलेल्याला मागून निसटता आलं पाहिजे. सशाच्या बिळाला बहुधा एकच दार नसतं. खाली सतरंजी. उन्हाळ्यात फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली आणि एक सुटी लादी. वायरींवर प्लास्टिकची पट्टी किंवा चिरलेला पाइप. गवत ऑनलाइन पाकिटातूनच घ्यायला हवं असं नाही. स्वच्छ, सुकं, बुरशी नसलेलं गवत आणि धुतलेल्या दूर्वांची जुडी सशाला उत्तम चालते. गाजर मात्र गोड खाऊसारखं, चवीपुरतं.

या सगळ्यात एक नियम घरातल्या माणसांनी पाळायचा. ससा त्याच्या ठिकाणी असताना त्याला हात घालून बाहेर ओढायचं नाही. मुलांनी नाही, पाहुण्यांनी नाही, झाडताना घाईत असलेल्यांनीही नाही. आणि ते ठिकाण शिक्षेसाठी कधी वापरायचं नाही. ‘वायर कुरतडलीस, जा आत’ असं एकदा झालं की तो कोपरा त्याच्या लेखी पिंजरा होतो. मग कितीही मोठा असला तरी.

निवाडा

दोन्ही बाजू ऐकल्यावर मला उत्तर असं दिसतं. घरभर मोकळ्या सशालाही स्वतःचं ठिकाण लागतं, आणि त्या ठिकाणाला बंद करता येणारं दार असावं लागतं. पण ते दार वर्षातले बहुतेक तास उघडं राहायला हवं. आजारपण, टाके, रंगारी, दिवाळी, घर रिकामं असण्याची दुपार, एवढ्यापुरतं ते लागावं. दार लावण्याची वेळ जितकी कमी, तितकं घर सशाच्या जोगं. दार रोज रात्री लावावं लागत असेल तर दोष सशाचा नाही, घराच्या मांडणीचा आहे. वायरी उघड्या आहेत, लादी निसरडी आहे किंवा नसबंदी राहिली आहे.

एकट्या पिंजऱ्यापुरतीच जागा असेल तर ससा आणू नये. हे कठोर वाटेल, पण मुंबईकराला ते समजावून सांगायची गरज नसावी. भाड्याच्या खोलीत, दुसऱ्याच्या घरात, पोटभाडेकरू म्हणून दिवस काढलेल्या या शहराला हक्काची जागा म्हणजे काय ते नीट ठाऊक आहे. जिथून कुणी उठवत नाही, ती हक्काची जागा.

तेव्हा क्रॉफर्ड मार्केटला जाण्याआधी घरी मोजपट्टी घ्या आणि पलंगाखाली वाकून बघा. तिथल्या सुटकेसा हलणार असतील, आणि पुढची आठ-दहा वर्षं परत तिथे येणार नसतील, तरच जा.